मोतीबिंदू लांबवायचा असेल तर चाळिशीतच काय काय सुरू करायचं

बाबा सदुसष्ट वर्षांचे असताना एक दिवस सकाळी चष्मा न लावताच पेपर वाचायला लागले. घरात नुसता आनंदीआनंद. वीस वर्षं नाकावर बसलेला चष्मा टीव्हीच्या कपाटावर पडून राहिला आणि बाबा गल्लीभर सांगत फिरले की रोज रात्री त्रिफळा भिजत घालतो आणि सकाळी त्या पाण्याने डोळे धुतो ना, त्याचा गुण आहे हा. शेजारच्या दोन काकांनी पण लगेच त्रिफळा आणला. मी पण म्हटलं असेल बाबा, आपल्याला कुठे काय कळतंय. चारपाच महिन्यांनी रात्री स्कूटरवरून येताना समोरच्या गाडीच्या लाईटने त्यांचे डोळे दिपले, स्पीडब्रेकर दिसलाच नाही, पडले. नशीब, खरचटण्यावर निभावलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं की चष्मा सुटला वगैरे काही नव्हतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चष्मा सुटणं हेच त्याचं लक्षण होतं.

म्हणजे होतं काय, की डोळ्यातल्या भिंगाचा मधला भाग घट्ट व्हायला लागला की ते भिंग प्रकाश जास्त वाकवतं, त्यामुळे लांबचं अंधुक होत जातं आणि जवळचं मात्र काही दिवस झकास दिसतं. डॉक्टर लोक याला सेकंड साईट म्हणतात. काही महिने टिकतं, मग जवळचंही जातं. तेव्हा तुमच्या घरातल्या साठीपुढच्या कुणाचा वाचायचा चष्मा अचानक सुटला असेल तर पेढे वाटायच्या आधी अपॉइंटमेंट घ्या.

त्यानंतर आमच्या घरात डोळे हे खातं माझ्याकडे आलं. मी डॉक्टर नाही, पण बाबा, आई, मावसभाऊ अशा तिघांच्या मागे फिरून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते क्रमाने लिहिते. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही आणि आत्ता चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः.

पायरी १: आधी हे आहे काय ते नीट समजून घ्या

डोळ्याच्या काळ्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं, आकाराने साधारण मसुराच्या मोठ्या दाण्यासारखं, दोन्हीकडून फुगीर. ते बनलेलं असतं पाणी आणि प्रोटीन यांचं. प्रोटीन नीट ओळीत लावलेलं असतं म्हणून त्यातून आरपार दिसतं. वय वाढलं, ऊन लागलं, साखर वाढली, धूर गेला की हे प्रोटीन बिघडून एकमेकांना चिकटतं आणि भिंग गढूळ होतं. अंड्यातला पांढरा बलक कच्चा असताना कसा पाण्यासारखा असतो आणि तव्यावर टाकला की पांढरा होतो, तसंच काहीसं, फक्त इथे तीसचाळीस वर्षं लागतात. आणि एकदा पांढरा झालेला बलक परत कच्चा होत नाही, हेही तसंच.

मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे त्वचेच्या पेशी मरतात, झडतात, नव्या येतात, पण भिंगातलं काही बाहेर टाकलंच जात नाही. नवे थर वरून चढत जातात आणि मधोमध जे प्रोटीन असतं ते आपण आईच्या पोटात असतानाचं. म्हणजे विशीत उन्हात हिंडलात त्याचा हिशोब पण तिथेच जमा आहे. म्हणून सवयी लवकर लावायच्या म्हणतात, साठीला गॉगल घेऊन मागचं काही पुसलं जात नाही. पण पुढचं वाचतं, त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं असं पण नाही.

आता स्पष्टच सांगते, मोतीबिंदू कायमचा टाळायचा कुठलाच उपाय नाही. खूप वर्षं जगलो तर थोडाफार सगळ्यांनाच होतो, जसे केस पांढरे होतात. सवयींनी तो लांबवता येतो, आणि पन्नाशीत होणार असेल तो सत्तरीपर्यंत गेला तर तो फायदा छोटा नाही. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय पाहणी झाली त्यात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे निघालं. ऑपरेशनने बरा होणारा आजार असून.

आणि काचबिंदू वेगळा बरं का. नाव सारखं वाटतं म्हणून लोक घोळ करतात. काचबिंदूत डोळ्यातलं प्रेशर आणि डोळ्याची नस यांचा संबंध असतो, गेलेली नजर परत येत नाही आणि सुरुवातीला बहुतेकांना काही दुखत पण नाही. मोतीबिंदूची नजर ऑपरेशनने परत मिळते, काचबिंदूची नाही. त्यामुळे "मोतीबिंदू असेल, बघू दिवाळीनंतर" असं घरच्या घरी ठरवणं हा खरा धोका आहे, कारण तो काचबिंदू निघाला तर दिवाळीपर्यंत गेलेलं परत येणार नाही.

पायरी २: घरच्या घरी, एकेक डोळा झाकून

भिंतीवर कालनिर्णय असेलच. नेहमीच्या एका जागेवर उभे राहा, म्हणजे दाराजवळ किंवा सोफ्याजवळ, रोजचा चष्मा असेल तर तो लावा, उजवा डोळा तळव्याने झाका, दाबायचा नाही नुसता झाकायचा, आणि डाव्या डोळ्याने तारखेखालची बारीक अक्षरं किती वाचता येतात बघा. मग दुसरा. महिन्यातून एकदा, पान उलटताना केलं की लक्षात राहतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून कधीच कळत नाही कारण चांगला डोळा वाईट डोळ्याचं काम निमूटपणे करत राहतो. बाबांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा कितीतरी वाईट होता आणि त्यांना पत्ताच नव्हता, डॉक्टरांनी डावा झाकल्यावर ते म्हणाले, "अहो लाईट गेले का?"

बाकी लक्षात ठेवायच्या खुणा: रात्री गाडीच्या लाईटभोवती वलय किंवा फटकारे दिसणं, चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलणं, पांढरा शर्ट पिवळट वाटणं, एका डोळ्याने चंद्र दोन दिसणं, उन्हात घरातल्यापेक्षा कमी दिसणं. यात दुखणं कुठेच नाही. डोळा दुखतोय, लाल आहे, अचानक पडदा आल्यासारखं झालंय किंवा वीज चमकल्यासारखं दिसतंय तर ते साध्या मोतीबिंदूचं प्रकरण नाही, त्याच दिवशी दवाखाना.

लहान बाळाच्या फोटोत फ्लॅशमुळे एका डोळ्यात लालऐवजी पांढरी चमक येत असेल तर ते पण लगेच दाखवा. बाळांना जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, कधी त्याहून गंभीर काही असतं, आणि बाळांच्या बाबतीत आठवडे महत्त्वाचे असतात.

पायरी ३: ऊन. टोपी आधी, गॉगल नंतर

उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण भिंगाला त्रास देतात हे नुसतं ऐकीव नाही. अमेरिकेत चेसापीक नावाची खाडी आहे, तिथल्या ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला होता, कुणी किती वर्षं, किती तास, टोपी घालून की न घालता पाण्यावर काढले असा एकेकाचा हिशोब मांडून. ज्यांना जास्त किरण लागले होते त्यांच्यात भिंगाच्या कडेने सुरू होणारा मोतीबिंदू जास्त निघाला. मला ते वाचताना आपले कोळी बांधव डोळ्यापुढे आले, वरून ऊन आणि खालून पाण्याची चकाकी. तीच गोष्ट मिठागरात, वाळूत, कोरड्या सिमेंटच्या गच्चीवर, आणि भर दुपारी ऊसतोड करणाऱ्यांची.

काठ असलेली टोपी डोळ्यात येणारे किरण जवळपास निम्मे करते. फुकटातला उपाय आहे, पदर पुढे ओढून घेतला तरी काहीतरी आडोसा होतो. गांधी टोपीला मात्र काठ नाही, त्यामुळे डोळ्यांसाठी तिचा उपयोग शून्य, आजोबांना हे सांगून बघा काय ऐकून घ्यावं लागतं ते.

गॉगल घेताना काळेपणावर जाऊ नका. रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या गॉगलची काच काळीभोर असते पण अतिनील किरण अडवणारा थर असेलच याची काही खात्री नाही, आणि तसा थर नसला तर काळोखामुळे आपली बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात. लेबलवर "यूव्ही ४००" किंवा "१०० टक्के यूव्ही" असं काहीतरी बघा, आणि शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात घेऊन जा, बऱ्याच जणांकडे छोटं मीटर असतं, अर्ध्या मिनिटात कळतं. रोज चष्मा लावत असाल तर त्याच काचेला यूव्ही कोटिंग आहे का ते विचारा, बहुतेक वेळा असतंच आणि आपल्याला माहीत नसतं. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ मुख्य. ढगाळ दिवशीही किरण येतात पण एवढं काटेकोर कोण राहतंय, उन्हाळ्यात तरी पाळा.

पायरी ४: धूर

सिगारेट-बिडी हे मोतीबिंदूचं पक्कं कारण आहे, वयाच्या खालोखाल जी कारणं मोजतात त्यात हे असतंच. सोडली की धोका हळूहळू कमी होतो, लगेच नाही. यावर मी काही जास्त सांगणार नाही, ओढणाऱ्याला सगळं माहीत असतं.

चुलीच्या धुराचं मात्र कुणी बोलत नाही. लाकूड-शेणी जाळून ज्या बायकांनी बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं त्यांच्यात मोतीबिंदू जास्त दिसतो असं आपल्याकडच्या अभ्यासांत निघालंय. आमची आजी फुंकणीने चूल फुंकायची आणि डोळे चोळत चोळत भाकरी थापायची, पन्नाशीतच तिला दिसेनासं झालं होतं, आम्हाला वाटायचं म्हातारी झाली. गॅस आला तरी गावाकडे आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच असते बऱ्याच घरांत. शक्य असेल तर ती चूल पडवीत किंवा बाहेर काढा, नाहीतर धुराडं करून घ्या. सुक्या लाकडाला धूर कमी, एवढं जरी पाळलं तरी फरक पडतो.

पायरी ५: साखर

डायबेटिस असलेल्यांना मोतीबिंदू लवकर होतो. रक्तातली साखर वाढली की ती भिंगात पण शिरते, तिथे तिचं सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होतं, ते बाहेर निघत नाही आणि पाणी ओढून घेतं, भिंग फुगतं. म्हणूनच साखर वरखाली झाली की नजर पण वरखाली होते. आईने एकदा साखर तीनशेच्या घरात असताना चष्मा करून घेतला, साखर खाली आल्यावर त्या चष्म्यातून काहीच नीट दिसेना, तीन हजार पाण्यात. तेव्हा साखर आटोक्यात आल्यावर काही आठवडे थांबून मगच नंबर काढायचा.

तीन महिन्यांच्या सरासरीची जी टेस्ट असते, एचबीएवनसी, ती डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यात ठेवायची. आणि वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, म्हणजे आत मागे असतो तो रेटिना, तपासून घ्यायचा, नजर ठणठणीत असली तरी. डायबेटिसमध्ये पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि ते मोतीबिंदूपेक्षा वाईट, कारण भिंग बदलता येतं, पडदा नाही. नुसत्या नंबर काढण्याला डोळे तपासणं म्हणत नाहीत, हे आईला समजावता समजावता माझी दोन वर्षं गेली.

पायरी ६: मेडिकलमधून आणलेले ड्रॉप. हे नीट वाचा

माझ्या मावसभावाला कॉलेजात असल्यापासून उन्हाळ्यात डोळे खाजायचे. लाल व्हायचे, चोळून चोळून सुजायचे. कुणीतरी मेडिकलमधून एक ड्रॉप आणून दिला आणि काय सांगू, एका दिवसात डोळे पांढरेशुभ्र. मग काय, दर उन्हाळ्यात तोच ड्रॉप, मग पावसाळ्यात पण, मग खिशातच. सात-आठ वर्षं. बत्तिसाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि वर प्रेशर वाढून नसेचं नुकसान. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण नसेचं गेलं ते गेलं, आता आयुष्यभर प्रेशरचे ड्रॉप.

त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड वाईट असतं असं नाही, ऑपरेशननंतर डॉक्टर स्वतः देतात, पण मोजून, काही आठवडे, आणि मध्ये प्रेशर तपासत. महिनोन्‌महिने आपल्या मनाने घातलं की भिंगाच्या मागच्या बाजूला ठिपका धरतो, नेमका मधोमध, त्यामुळे उन्हात आणि वाचताना लवकर त्रास होतो.

तर आत्ता उठा आणि घरातले सगळे डोळ्याचे ड्रॉप बाहेर काढा, फ्रिजच्या दारातले पण. बाटलीवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. बऱ्याचदा अँटिबायोटिकबरोबर जोडीने असतं त्यामुळे लक्षात येत नाही. डॉक्टरांनी आत्ता चालू ठेवायला सांगितलेलं नसेल तर वापरू नका, जुनी चिठ्ठी दाखवून परत आणू नका. आणि फोडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकून द्यायची असते, कुठलाही ड्रॉप असो, बाटलीवर दिलेलं असतं.

स्टेरॉइड आणखी कुठून येतं: दम्याचे पंप, सांधेदुखीच्या किंवा त्वचारोगाच्या गोळ्या, गोरं व्हायची म्हणून मिळणारी काही क्रीम जी लोक डोळ्याखाली पण लावतात, आणि त्या बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्या, ज्यात काय आहे ते देणारा पण सांगत नाही आणि दोन दिवसांत म्हातारी माणसं पळायला लागतात. डॉक्टरांनी दिलेला पंप किंवा गोळ्या मात्र हे वाचून बंद करू नका हं, स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. डोळ्यांच्या डॉक्टरला सांगायचं की अमुक घेतोय, ते लक्ष ठेवतात.

याच पायरीत घरगुती उपायांचं पण उरकून घेते. मध, कांद्याचा रस, एरंडेल, गुलाबपाणी, तूप, आईचं दूध, स्वतःचं आणखी काय काय, यातलं काहीही डोळ्यात घालून मोतीबिंदू जात नाही. तो डोळ्याच्या आत आहे, वरून कांदा पिळून तिथे पोचणार कसा? उलट जंतू जाऊन बुबुळावर जखम झाली तर पांढरा डाग कायमचा. मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून जे ड्रॉप विकतात त्यांनी मोतीबिंदू गेल्याचं सिद्ध झालेलं नाही. बाबांच्या त्रिफळ्याने काही बिघडलं नाही, एवढंच त्याचं कौतुक.

पायरी ७: मार लागू द्यायचा नाही

डोळ्याला मार बसला तर विशीत पण मोतीबिंदू होतो, कधी लगेच, कधी काही वर्षांनी. छिन्नी-हातोडी, ग्राइंडर, वेल्डिंग, गवत कापायचं मशीन, मळणी, यातलं काहीही करताना साधा प्लास्टिकचा सेफ्टी चष्मा लावायचा, स्वस्त असतो. "पाच मिनिटांचंच काम आहे" म्हणून न लावणारेच दवाखान्यात दिसतात. दिवाळीत सुतळी बॉम्ब विझला म्हणून वाकून बघायचं नाही. पोरांच्या हातात धनुष्यबाण, गलोल, विटीदांडू असेल तर समोर कोण उभं आहे ते बघा.

आणि चुन्याची डबी किंवा ट्यूब. तंबाखू खाणाऱ्या घरात ती कुठेही पडलेली असते, पोरं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना डोळा जाळतो आणि आत आत जात राहतो. असं झालं तर कुणाला फोन करत बसू नका, त्या क्षणी नळाखाली डोळा धरा, पापण्या बोटांनी उघडून, निदान पंधरावीस मिनिटं सतत स्वच्छ पाणी, चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कपड्याने काढा, आणि मग पळा. पहिली काही मिनिटं त्या पोराचा डोळा ठरवतात. शेतात पाचट किंवा भाताचं टरफल डोळ्यात गेलं तर जिभेने किंवा रुमालाच्या टोकाने काढणारे "तज्ज्ञ" गावोगाव आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका.

मिरवणुकीतल्या लेझरचं पण सांगते, त्याचा मोतीबिंदूशी संबंध नाही पण डोळ्याशी आहे. सरळ डोळ्यात गेलेला झोत पडदा जाळतो, आपल्याकडे गणपतीत अशा घटना झाल्यात. पोराला खांद्यावर बसवून स्टेजच्या समोर उभे राहू नका, मोबाईलमध्ये शूटिंग नंतर पण मिळेल.

पायरी ८: ताट

हे थोडक्यात, कारण इथे लोकांच्या अपेक्षा फार असतात. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत मोतीबिंदू थोडा कमी किंवा उशिरा दिसतो, पण व्हिटॅमिन सी, ई वगैरेंच्या गोळ्या घेतल्या तर मोतीबिंदू टळतो असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. म्हणजे पेरू खा, आवळा खा, पालक, माठ, अळू, शेवग्याचा पाला, पपई खा, आणि डोळ्यांच्या गोळ्यांचे हजार रुपये वाचवा. गाजर अ जीवनसत्त्वासाठी, ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, पण पोटभर जेवणाऱ्याने किलोभर गाजरं खाल्ली म्हणून चष्म्याचा नंबर उतरत नाही. लहान मुलांना पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस असतो तो मात्र चुकवू नका.

पायरी ९: मोबाईल

मोबाईलने मोतीबिंदू होत नाही. झालं. डोळे कोरडे पडतात कारण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो, जळजळ होते, डोकं दुखतं. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, खिडकीबाहेरचं झाड चालेल. निळ्या प्रकाशाचे महागडे चष्मे विकतात, त्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसत नाही, २०२३ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र बघून तसा आढावा आलाय. पोरांसाठी वेगळी गोष्ट आहे, त्यांना दिवसातले दोन तास उजेडात बाहेर खेळू दिलं तर मायनसचा नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं. हो, वर मी उन्हात टोपी घाला म्हणाले, तर पोरांना संध्याकाळी सोडा आणि टोपी घालून सोडा, उजेड तेवढा पुरतो.

पायरी १०: तपासणीचा दिवस

चाळिशीला एकदा पूर्ण तपासणी, मग दर दोन वर्षांनी, साठीनंतर दरवर्षी. डायबेटिस असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टर सांगतील तशी, लवकर. सरकारी जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग असतो, १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यातून मोतीबिंदूची ऑपरेशनं मोफत होतात, त्यामुळे पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: सध्याचा आणि जुना असे दोन्ही चष्मे न्या, चालू औषधांची चिठ्ठी न्या, ड्रॉपच्या बाटल्या पण पिशवीत टाका. गाडी स्वतः चालवत जाऊ नका. बाहुली मोठी करायचा ड्रॉप घालतात, तो थोडा झोंबतो, मग तास-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसायचं, आणि नंतर चारसहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. हा ड्रॉप न घालता "सगळं नॉर्मल आहे" असं कुणी सांगितलं तर विचारा की पडदा बघितला का. प्रेशर मोजलं का तेही विचारा. मला सुरुवातीला विचारायला लाज वाटायची, आता मी वहीत प्रश्न लिहूनच नेते.

मोतीबिंदू निघाला तर घाबरायचं काही नाही, आणि "पिकू दे" म्हणून थांबायचं पण काही नाही. पिकण्याची गोष्ट जुन्या ऑपरेशनची. आता रोजच्या कामात अडचण यायला लागली, म्हणजे गाडी, शिवण, पोथी, तिकिटावरचा नंबर, की करून घ्यायचं. फारच पिकू दिला तर भिंग फुगून किंवा गळून प्रेशर वाढतं आणि डोळा दुखत दुखत जातो. लोक लेझरने काढला म्हणतात पण बहुतेक ठिकाणी फेको असतं, ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. कृत्रिम भिंगाची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या प्लास्टिकच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात त्यांचे तुकडे गेले होते आणि डोळा ते तुकडे मुकाट सहन करत होता, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि १९४९ मध्ये त्यांनी तसल्याच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं.

काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. काही महिन्यांनी-वर्षांनी भिंगामागच्या पिशवीवर जाळी धरते कधीकधी, ती खरी लेझरने साफ करतात, पाच मिनिटांचं काम.

बाबांचा उजवा डोळा झाला मागच्या महिन्यात. पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य, "ही भिंत पांढरी कधी केली?" भिंत पाच वर्षांपूर्वी पण पांढरीच होती. डाव्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतः कालनिर्णयवर लिहिलीय, टीव्हीच्या कपाटावरचा तो जुना चष्मा लावून, कारण बसवलेलं भिंग लांबच्या नजरेचं आहे आणि वाचायला आता परत चष्मा लागतो. गल्लीत हे मात्र त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.